आरामच्या पुढचा शब्द

आमच्या घरात ताप उतरला, पोटदुखी थांबली, की ‘आराम पडला’ म्हणतात. आई म्हणायची, बायको म्हणते, आता मुलगीही म्हणते. मी मात्र गेली काही वर्षं हा शब्द वापरत नाही. पेशंटला ‘कमी आहे का’ विचारतो, ‘बरं वाटतंय का’ विचारतो. घरात कुणी आराम म्हटलं की उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी शोधायला जातो. बायकोनं एकदा कारण विचारलं होतं. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं कारण पुढे लिहिलं आहे. ते लिहायला बसण्यातच बरीच वर्षं गेली.

मी आरोग्य सेवक आहे. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही. तापाच्या पेशंटच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा, गावाच्या टाकीत क्लोरीन पडलंय का ते बघणारा, साथ आली की दारोदार फिरणारा माणूस. घर मलकापूरला, कराडला लागूनच. नोकरी सांगली जिल्ह्यातली, पण सुरुवातीची बरीच वर्षं वाळव्याच्या बाजूला होतो, त्यामुळे रोज मोटारसायकलवर जाऊन-येऊन भागत होतं. मग बदली झाली ती थेट जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीवरच्या एका आरोग्य केंद्रात. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीला. त्या दोघी मलकापुरात राहिल्या आणि मी केंद्राच्या मागच्या क्वार्टरमध्ये एकटा राहायला लागलो.

तिथं फोनला रेंज मिळायची ती केंद्राच्या मागच्या पाण्याच्या टाकीजवळ. रोज संध्याकाळी टाकीच्या सावलीत उभा राहून मी घरी बोलायचो. बायको भाजी काय केली ते सांगायची, मुलगी मार्क सांगायची. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. एकट्यापुरता भात लावायचो, तो नेहमी जास्तच व्हायचा. शनिवारी दुपारी एसटी धरायची आणि सोमवारी पहाटे परत निघायचं. मी तिथं राहत होतो असं म्हणता येणार नाही. मी तिथं बदलीची वाट बघत होतो.

त्या गावात निम्मी माणसं मराठी बोलायची, निम्मी कन्नड, आणि बरीचशी एकाच वाक्यात दोन्ही. आमच्या केंद्रातल्या सिस्टर तिथल्याच. त्यांना दोन्ही भाषा सारख्याच. मी काहीच शिकत नाही म्हणून त्या मला टोचत राहायच्या. एकदा ओपीडीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, “भाऊ, चार शब्द तरी शिका. हितल्या म्हशीला पण कन्नड कळतंय.” बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, आणि शिकलो नाही. इथं किती दिवस राहायचंय, हाच विचार.

पण एक शब्द मला पहिल्याच आठवड्यात आला. तो तिथं शिकावा लागत नाही, कानावर आदळतो. गावाला पाणी टँकरनं यायचं. टँकर आला नाही की बायका रिकाम्या घागरी घेऊन केंद्रासमोरून परत जायच्या आणि मी दारात दिसलो की हात हलवून सांगायच्या, “नीर बंदिल्ल.” पाणी आलं नाही. नीर इल्ल. टँकर इल्ल. इल्ल म्हणजे नाही. तो शब्द मला माहीत होता. हे मी इथं सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे मी हेच नाकारलं.

तिथल्या पहिल्या उन्हाळ्याच्या आधी सांगलीला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. एकाच वेळी खूप माणसं जखमी झाली तर काय करायचं, त्याचं. चार रंगांच्या रिबिनी. जो आत्ता उचलला नाही तर जाईल त्याला लाल, जो थोडं थांबू शकतो त्याला पिवळी, जो उठून चालू शकतो त्याला हिरवी, आणि जो गेला त्याला काळी. नर्सिंगच्या मुलींना मैदानात झोपवलं होतं आणि आम्ही पळत पळत रिबिनी बांधत होतो. एका मुलीला हसू आवरत नव्हतं म्हणून मी तिला हिरवी बांधली, तर शिकवणारे म्हणाले, हिच्या पोटात रक्तस्राव होता, तुम्ही हिला मारलं. सगळे खो खो हसले. मग चहा झाला. रिबिनींची पिशवी घेऊन मी परत आलो आणि ती मोटारसायकलच्या डिकीत टाकून विसरलो.

ती उपयोगाला आली बाजारच्या दिवशी. सकाळचे अकरा वाजले असतील. गावाचा बाजार उताराच्या पायथ्याला भरायचा, आणि भरलेला टँकर त्याच उतारावरून गावात उतरायचा. त्या दिवशी त्याचा ब्रेक लागला नाही. मी केंद्रात रजिस्टर भरत होतो. आधी एक लांबलचक हॉर्न ऐकू आला, मग पत्रा फाटल्यासारखा आवाज, आणि मग काही वेळ काहीच नाही. तो काहीच नाही असलेला वेळ मला अजून आठवतो.

डॉक्टर तालुक्याला मीटिंगला गेले होते. सिस्टर आणि मी मोटारसायकलवर पोचलो. टँकर भाजीवाल्यांच्या रांगेतून गेला होता आणि शाळेच्या भिंतीला धडकून आडवा झाला होता. टाकी फुटली होती. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी बायका तासभर उभ्या राहायच्या, त्या गावात पाण्याचा लोंढा वाहत होता. मिरच्या, टोमॅटो, चपला सगळं त्यात तरंगत होतं. माणसं चिखलात बसली होती, पडली होती. जखमी नसलेलेही भिजलेले. कोण रक्तानं भिजलंय आणि कोण पाण्यानं, ते लांबून कळत नव्हतं.

सिस्टरनी बॅग उघडली आणि एका माणसाच्या मांडीवर गुडघा रोवून रक्त दाबून धरलं. वर न बघताच म्हणाल्या, “तुमी माणसं निवडा. कोण कसं हाय तेवढं बांधत चला. मी मागनं येते.”

मी निवडायला लागलो. काम जमत होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या काही मिनिटांनंतर मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं. लाल, पिवळी, हिरवी. जो ओरडत होता त्याच्याकडे आधी जात होतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं, ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प असलेल्याकडे आधी बघा. तेव्हा ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

ती बाई शाळेच्या भिंतीला टेकून बसली होती. पन्नाशीची असेल. कपाळाला मोठं कुंकू, ते पाण्यानं ओघळलेलं. हातात कोपरापर्यंत नसल्या तरी भरपूर हिरव्या बांगड्या, एकही फुटलेली नाही. अंगावर जखम दिसत नव्हती. मी खाली वाकलो, तिचा हात धरला. हात गार होता आणि ओला होता. शरीरातलं रक्त आतल्या आत वाहून जायला लागलं की हात असेच गार आणि ओले होतात, हे मला शिकवलं होतं. पण त्या दिवशी तिथं सगळ्यांचेच हात ओले होते. मी विचारलं, “काय होतंय?”

ती म्हणाली, “आराम इल्लरी.”

हळू म्हणाली, पण स्पष्ट म्हणाली. दोन्ही शब्द. मला ऐकू आले. त्या भाषेत आराम इल्ल म्हणजे बरं नाही. री हा आदरासाठी, आपण अहो म्हणतो तसा. एवढा सगळा अर्थ मला तेव्हा सांगता आला नसता. पण आराम मला कळत होता आणि इल्ल मला कळत होता. एवढं पुरेसं होतं.

माझ्या मागे एक तरुण माणूस हात मोडला म्हणून मोठमोठ्यानं ओरडत होता. ही शांत बसली होती. जखम दिसत नव्हती. मी आराम हा शब्द उचलला आणि पुढचा तिथंच टाकला. तिच्या मनगटावर हिरवी रिबीन बांधली आणि म्हणालो, “बसा इथंच. आराम करा.” ज्याला हिरवी बांधायची त्याला आधी चार पावलं चालायला सांगायचं असतं. तिला मी उठायलाही सांगितलं नाही. तिनं माझी बोटं धरून ठेवली होती. मी ती एक एक करून सोडवली आणि हात मोडलेल्याकडे गेलो.

तासाभरानं रुग्णवाहिका आल्या, डॉक्टर आले. लाल गेले, पिवळे गेले. हिरव्यांसाठी एसटी बोलावली होती. डॉक्टर म्हणाले, हिरवीवाले सगळे चालत या. भिंतीजवळचे सगळे उठले. ती उठली नाही. सिस्टर तिच्याकडे गेल्या, खाली बसल्या, मानेला बोटं लावून पाहिलं. मग बांगड्यांच्या मधून ती रिबीन शोधून सोडली, आणि येऊन माझ्या हातात दिली.

“काय म्हणली व्हती ही तुमाला?”

मी म्हणालो, “कन्नडमध्ये काहीतरी बोलली. मला कळलं नाही.”

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि त्या दुसरीकडे वळल्या. हे माझं पहिलं खोटं.

पोटात रक्तस्राव झाला होता, असं नंतर कळलं. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून समजावलं, की लाल बांधली असती तरी मोठ्या दवाखान्यापर्यंत दोन तास लागतात, टिकली असती असं सांगता येत नाही. नसती टिकली असंही सांगता येत नाही, हे ते बोलले नाहीत. चांगला माणूस होता. त्यांनी मला पाणी दिलं.

महिन्याभरानं सांगलीला आढावा बैठक झाली. काय चुकलं, काय जमलं, हे एकेकानं सांगायचं. माझी पाळी आल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, भाषेची अडचण आली. मला कन्नड येत नसल्यानं एका बाईंची तब्येत कळली नाही. साहेबांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. तसं इतिवृत्तातही आलं. पुढे सीमेवरच्या सगळ्या केंद्रांना छापील कार्ड मिळाली, मराठीत प्रश्न आणि खाली कन्नडमधले प्रश्न देवनागरीत. पहिलाच प्रश्न, आराम अदीरी? बरे आहात का? ती कार्डं चांगली आहेत. अजून वापरतात. ती माझ्या खोट्यातून आली, हे कुणाला माहीत नाही.

अपघातानंतरच्या आठवड्यातच आदेश आला होता, की अपघातात जखमी झालेल्यांच्या आणि माणूस गेलेल्यांच्या घरी सहा महिने भेटी द्यायच्या. एक फॉर्म होता. झोप लागते का, जेवण जातं का, एकटं वाटतं का, बाजारात जायची भीती वाटते का. बरोबरच्या खुणा करायच्या. हात मोडलेल्या तरुणाच्या घरी गेलो. एक भाजीवाली बाजारात बसायचीच बंद झाली होती, तिच्या घरी गेलो. आणि भिंतीजवळच्या त्या बाईच्या नवऱ्याच्या वस्तीवर गेलो.

गावापासून चार किलोमीटरवर माळावर त्याची वस्ती. दोन खोल्या, समोर काट्यांच्या कुंपणात मेंढरं, एक कुत्रं. लेक कर्नाटकात दिलेली. साठीचा, उंच, डोक्याला पटका. मी त्याला मामा म्हणायला लागलो, तो मला सायेब म्हणायचा. पहिल्या दिवशी मी फॉर्म काढला आणि विचारलं, झोप लागते का. तो म्हणाला, मेंढरं लागू देतील तेवढी लागते. जेवणाचं विचारलं तर म्हणाला, भाकरी थापायला येते, तिच्यासारखी न्हाई येत, पण मेंढरास्नी तक्रार न्हाई. मी खुणा करत गेलो. फॉर्म संपल्यावर तो म्हणाला, आता मी एक इचारू का.

“भिंतीपाशी तिच्याजवळ तुमीच व्हता, हिरवी रिबीन पण तुमीच बांदली म्हणं. सिस्टरनी सांगितलं. शेवटाला काय म्हणली ती?”

फॉर्मवर ह्या प्रश्नाला जागा नव्हती. कुत्रं माझ्या बुटाचा वास घेत होतं. मी म्हणालो, “आराम म्हणाल्या.”

त्यानं पटका काढला, तोंड पुसलं. “आराम म्हणली,” तो स्वतःशीच म्हणाला. “लय तरास झाला न्हाई म्हणायचा.” उठून आत गेला आणि मला चहा करून दिला. बकरीच्या दुधाचा, गूळ जास्त. मी तो पूर्ण प्यालो.

तिचे दिवस घातले तेव्हा त्यानं मला बोलावलं. मांडवात बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो माझ्याकडे बोट करून सांगत होता, की ह्या सायबांनी तिचा हात धरला व्हता, आणि ती जाताना आराम म्हणली. लेक आली होती. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो आणि माझ्या पायाचा धक्का लागून पाण्याचा तांब्या सांडला. लोकांना वाटलं, सायेब लाजले.

सहा महिने संपले, फॉर्म संपले, तरी मी वस्तीवर जात राहिलो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. अपराधापोटी म्हणावं तर अपराधी माणूस असा कट्ट्यावर पाय सोडून बसत नाही. क्वार्टरमध्ये बसवत नव्हतं, हेही होतं. टाकीखाली उभं राहून घरी बोलताना मी आता नुसता हो-हो म्हणायचो. बायकोला वाटायचं, मी तिकडे कुणात तरी गुंतलोय. एकदा तिनं तसं विचारलंही. मी म्हणालो, एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडे जातो. तिचा विश्वास बसला नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

त्यानं मला कन्नड शिकवायला घेतलं. कुरी म्हणजे मेंढी. मळी म्हणजे पाऊस. ऊटा आत? म्हणजे जेवण झालं का. मी चुकलो की तो गुडघ्यावर थाप मारून हसायचा आणि कुत्र्याला सांगायचा, बघ, सरकारनं कसली माणसं पाठवली. निघताना तो मला रोज म्हणायचा, “होगि बर्री.” जाऊन या. आपण जाताना येतो म्हणतो, तसंच ते. मी इतके महिने हद्दीवर राहून शिकलो नव्हतो ते त्याच्याकडे काही दुपारींत शिकलो.

एका दुपारी तो मला म्हणाला, आता माणसाला बरं हाय का ते कसं इचारायचं ते शिका, तुमच्या कामाला येईल. मी म्हणालो, कार्डावर आहे. तो म्हणाला, कार्ड राहू द्या. “बरं आसलं तर म्हणायचं आराम अदीनी. नसलं तर आराम इल्ल. नुसतं आराम म्हणून भागत न्हाई, सायेब. म्होरचा शब्द लागतोय.”

मी मान खाली घालून बसलो. तो मेंढ्यांकडे बघतच म्हणाला, “तिच्यात तेवढी ताकद ऱ्हायली नसंल. आराम म्हणली आन अदीनी म्हणायच्या आत गेली.”

मी टाकून दिलेल्या शब्दाच्या जागी त्यानं स्वतःच्या हातानं दुसरा भरला होता. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. परत येताना उतारावर, जिथून टँकर आला होता तिथं, मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ उभा राहिलो. त्या दिवसानंतर वस्तीवर जाणं कमी केलं. कामं आहेत म्हणून निरोप पाठवायचो. त्यानं दोनदा माझ्यासाठी ताक पाठवलं.

पुढच्या वर्षी ज्या बदलीची वाट बघत होतो ती झाली. परत वाळव्याच्या बाजूला. बायकोनं फोनवर आनंदानं सांगितलं की आता गॅलरीला जाळी बसवून घेऊ. मी सामान बांधलं, ते एका रिक्षात मावेल एवढंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी वस्तीवर गेलो. न सांगता निघून गेलो तर तो आयुष्यभर तो अर्धा शब्द धरून बसेल, आणि सांगितलं तर त्याच्याकडे तोही उरणार नाही. हे दोन्ही मला दिसत होतं. मी सांगायचं ठरवलं. ते त्याच्यासाठी ठरवलं असं मी स्वतःला पटवलं होतं.

तो कुंपणाची काटेरी फांदी बसवत होता. बदलीचं सांगितलं. त्याला बरं वाटलं. आता पोरीजवळ ऱ्हावा, म्हणाला. मग मी म्हणालो, “मामा, त्या नुसतं आराम म्हणाल्या नव्हत्या. आराम इल्लरी म्हणाल्या होत्या.”

त्याचा हात फांदीवर थांबला.

“तुमाला कन्नड येत नव्हतं तवा,” तो म्हणाला. माझी बाजू घ्यायला तोच पुढे झाला.

“इल्ल येत होतं.”

“मग हिरवी का बांदली?”

ह्या प्रश्नाची मी दीड वर्ष तयारी केली होती. पाणी होतं, गर्दी होती, हात सगळ्यांचेच गार होते. ते काही बोललो नाही. म्हणालो, “दुसरा ओरडत होता. त्या गप्प होत्या.”

“ती बोंबलायची न्हाई कवाच,” तो म्हणाला. “पोरगी झाली तवा पण न्हाई.”

मग तो फांदी बसवायला लागला. नीट बसली तरी दाबतच राहिला. अंगठ्यात काटा गेला, त्यानं तो दातानं उपटला. मी उभाच होतो. काही वेळानं तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “पोरीला सांगू नका. तिला मी आराम म्हणून सांगितलंय. तिचं तेवढं ऱ्हाऊ द्या.”

मी हो म्हणालो.

“तुमी आता हलकं झालासा,” तो म्हणाला. “मी कुणाला सांगू?”

मी म्हणालो, येतो मामा. तो कुंपणाकडे तोंड करूनच म्हणाला, “होग्री.” जा. मी गाडीची किल्ली हातात धरून थांबलो. पुढचं ‘बर्री’ आलं नाही. कुत्रं मात्र रस्त्यापर्यंत सोडायला आलं.

इकडे आल्यावर मी कार्यालयाला अर्ज दिला. अमुक बैठकीच्या इतिवृत्तात भाषेची अडचण असे नमूद आहे, ते बरोबर नाही. बाईंचे बोलणे मला समजले होते, मी घाई केली. उत्तर आलं, आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे. त्यापुढे काहीच झालं नाही. मला शिक्षा हवी होती की काय, कोण जाणे. आता प्रशिक्षणाला नवीन मुलं येतात तेव्हा मी ही गोष्ट सांगतो. गप्प माणसाकडे आधी जा, म्हणतो. त्याचं वाक्य पूर्ण ऐका, म्हणतो. मुलं वहीत लिहून घेतात. मीही लिहून घेतलं होतं.

घरी सगळं ठीक आहे. गॅलरीला जाळी बसली. मुलगी पुण्याला शिकायला गेली. संध्याकाळी बायको शाळेतलं सांगते आणि मी ऐकतो. फोनला घरात पूर्ण रेंज असते, आणि तरी मला अधूनमधून टाकीची सावली आठवते, पलीकडे माळ, आणि तिथं जायला एक घर होतं हे आठवतं.

गेल्या दिवाळीत मी त्याला फोन केला. दरवर्षी करावा असं वाटायचं, गेल्या वर्षी केला. लेकीनं उचलला. सणाला माहेरी आली होती. नाव सांगताच ओळखलं आणि इकडचं तिकडचं विचारलं. बाबा बरे आहेत, गुडघा दुखतोय, मेंढरं निम्मी विकली. मग म्हणाली, “तुमी व्हता म्हणून, सायेब. आई कशी गेली ते तरी कळलं आमाला. आराम म्हणली न्हवं?”

मागे मेंढरांचा आवाज येत होता.

“हो,” मी म्हणालो. “आराम म्हणाल्या.”

तोच शब्द, पहिल्या दिवशी म्हटला तसाच. तेव्हा तो माझ्यासाठी म्हटला होता. ह्या वेळी त्यानं सांगितलं होतं म्हणून म्हटला. ऐकणाऱ्याला दोन्हींत काही फरक नव्हता.

“बाबा हितंच हायत, देऊ का?” ती म्हणाली. तिनं फोन लांब धरून कन्नडमध्ये विचारलं, कोण आहे ते सांगितलं. आता मला तेवढं कन्नड कळतं. मग थोडा वेळ नुसती मेंढरं. तो काय बोलला, ते मला ऐकू आलं नाही. बोलला की नाही, तेही कळलं नाही.

“कामात हायत म्हणत्यात,” ती म्हणाली.

मी म्हटलं, असू दे, आणि फोन ठेवला.